ओढ्यातला किडा आणि 'पाणी पिण्यास योग्य'

पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मी एक बातमी लिहिली होती. मथळा होता, 'ओढ्याचे पाणी पिण्यास योग्य, प्रयोगशाळेचा निर्वाळा'. तीन कॉलमी, वर फोटो. आजरा-चंदगड पट्ट्यात, जिथून सह्याद्रीचा चढ सुरू होतो, तिथल्या एका वाडीच्या ओढ्याची ती बातमी. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. तिथं दोन्ही बाजूंना एकमेकांचे पाहुणेच आहेत आणि विषय अजून मिटलेला नाही.

वाडीच्या वर डोंगरात चारेक वर्षांपूर्वी एक पर्यटन निवास झालं. दहा-बारा खोल्या, शनिवार-रविवारी गर्दी. ओढ्याचं पाणी वाडीला पाइपनं, उतारानंच येतं. मोटर नाही, बिल नाही. बायकांचं म्हणणं होतं की माघ-फाल्गुनात पाण्याला वास मारतो, दगडांवर बुळबुळीत साय धरते, पोरांच्या अंगाला खाज सुटते. मी गेलो, ऐकलं, संबंधित कार्यालयात जाऊन तपासणी अहवाल मागितला. अहवालात सगळे आकडे मर्यादेत. मी ते आकडे छापले. दुसऱ्या दिवशी त्या निवासाच्या मालकांचा आभाराचा फोन आला. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचाच आभाराचा फोन आला की पत्रकारानं समजावं, आपण कुठंतरी माती खाल्ली.

अहवाल खोटा नव्हता, हे आधी सांगतो. आकडे खरे होते. फक्त नमुना जुलैमधला होता. आमच्याकडं जुलैत ओढा म्हणजे काय असतो, ते आंबोलीचा पाऊस पाहिलेल्याला सांगायला नको. त्या लोंढ्यात ड्रमभर घाण ओतली तरी बाटलीत काही सापडणार नाही. तक्रार होती फाल्गुनातली, जेव्हा ओढ्याची धार मनगटाएवढी होते. अहवालाच्या वरच्या कोपऱ्यात 'नमुना घेतल्याचा दिनांक' छापलेला होता. मी तो वाचला नाही. वीस वर्षं बातम्या लिहितोय, पत्रकारितेचा डिप्लोमा केलाय, आणि तारीख वाचली नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "तुमची ती बातमी मी जपून ठेवलीय. मुलांना घेऊन त्याच ओढ्यावर चाललोय, येता का?" मी गेलो. खरं तर टोमणा खायलाच गेलो होतो.

त्यांचं सामान बघून हसू आलं. मच्छरदाणीचं कापड दोन काठ्यांना शिवलेलं, लग्नातल्या जेवणाच्या पांढऱ्या प्लेटा, एक रंगाचा ब्रश, दोन-तीन चमचे आणि खिशात मावणारं भिंग. एका पोरानं ते कापड धारेत आडवं धरलं, दुसऱ्यानं त्याच्या वरच्या अंगाला उभं राहून पायानं दगड ढवळले. मिनिटभर. मग कापड उचलून प्लेटेत झटकलं. आधी नुसता पालापाचोळा आणि वाळू दिसली. दोन मिनिटं थांबल्यावर प्लेट हलायला लागली. अक्षरशः. जे मी कचरा समजत होतो, त्यातलं निम्मं चालत होतं.

त्यातले बरेचसे मेफ्लायचे जीव होते. मेफ्लाय म्हणजे दिव्यावर येणाऱ्या पाखरांपैकीच एक. नाजूक, उभ्या पंखांची, शेपटीला लांब केस. पंख फुटल्यावर ही पाखरं खात नाहीत, खायला धड तोंडच उरलेलं नसतं. काही तास, फार तर एखाद-दोन दिवस जगतात, अंडी घालतात आणि संपतात. पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटकांतला हा एकटाच गण. पण या पाखराचं खरं आयुष्य पाण्यात जातं, दगडाखाली, आठवडेच्या आठवडे, काही जातींत महिनेच्या महिने. शास्त्रात त्या अवस्थेला निम्फ म्हणतात, कुणी अळी म्हणतं. मी सरळ पिल्लं म्हणणार आहे. मराठीत याला सर्वमान्य नाव मला तरी सापडलं नाही. 'मे'शी आपल्या ओढ्यांचा काही संबंध नाही, ते नाव तिकडच्या हवामानातलं. आमच्याकडं खेकडी धरणारे मामा बरोबर होते, त्यांना विचारलं तर म्हणाले, "पाण्यातलं किडं. खेकडं खात्यात, मासं खात्यात. नाव कशाला लागतंय त्येला?"

नाव कशाला लागतं, ते पुढं येईल.

मॅडमनी आधी ओळखायला शिकवलं. हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण सगळी गंमत आणि सगळं भांडण इथंच आहे.

आधी शेपट्या बघायच्या. मेफ्लायच्या पिल्लाला बहुधा तीन असतात, केसासारख्या. पण काही जातींना दोनच असतात, आणि धरताना तुटतातही, त्यामुळं नुसत्या शेपट्या मोजून निकाल द्यायचा नाही. मग पोटाच्या दोन्ही कडा बघायच्या. तिथं पानासारख्या किंवा पिसासारख्या बारीक कल्ल्यांची रांग असते. पाण्यात ते कल्ले फडफडताना दिसतात, भिंग नसलं तरी दिसतात. तिसरी खूण पायाची. प्रत्येक पायाच्या टोकाला एकच नखी.

हे पाठ का करायचं? कारण त्याच दगडाखाली स्टोनफ्लायचं पिल्लू असतं, लांबून अगदी तसंच. पण त्याला शेपट्या दोन, पायाला नख्या दोन, आणि कल्ले असलेच तर काखेत, छातीच्या खालच्या अंगाला. टाचणीचं पिल्लूही फसवतं. टाचणी म्हणजे चतुराची बारीक बहीण. तिच्याही टोकाला तीन फाटे असतात, पण ते केसासारखे नसून चपट्या पानांसारखे, आणि पोटाच्या कडेला ती फडफडणारी रांग नसते. पहिल्या तासात मी तीनदा चुकलो. पोरं हसली. बाविशीच्या पोरांनी चाळिशी उलटलेल्या माणसाला हसावं, त्यात काही वाईट नाही.

'मेफ्लाय आहे' इतकं ओळखून काम भागत नाही. जगात मेफ्लायच्या तीन हजारांहून जास्त जाती आहेत, पश्चिम घाटात त्यांची अनेक कुळं आहेत, आणि त्या सगळ्यांचा स्वभाव एक नाही. पोरांनी आपल्यापुरती नावं ठेवली होती. एक 'चपटी': डोकं पसरट, डोळे वरच्या बाजूला, पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले. दगड उलटला की निसटत्या चालीनं कडेकडेनं पळते. वेगाच्या धारेत दगडाला चिकटून राहायचं म्हणून हा आकार. एक 'मासोळी': सडपातळ, धरायला गेलं की माशासारखी सुळकन पोहून जाते. एक 'झाकणी': अगदी बारीक, पाठीवर दोन चौकोनी झाकणं, आणि खरे कल्ले त्या झाकणांखाली लपलेले. गाळात राहायचं तर कल्ल्यात माती जाऊ नये, म्हणून ती सोय. आणि एक 'सुळेवाली', वाळूत बीळ करून राहते, तोंडापुढं खरोखर दोन सुळे. शास्त्रीय नावं अनुक्रमे हेप्टाजेनिडी, बीटिडी, सिनिडी आणि एफेमेरिडी. मला पोरांचीच नावं लक्षात राहिली.

आता स्वभाव. चपटीला स्वच्छ, खळाळतं, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी आणि गाळ नसलेला दगड लागतो. पाण्यात सांडपाणी आलं की जिवाणू वाढतात, ते प्राणवायू खातात, दगडावर साय धरते, फटी बुजतात. चपटी तिथं टिकत नाही. मासोळीच्या कुळात मात्र बऱ्याच काटक आहेत. थोडी घाण त्या सोसतात, कधी कधी तर वाढतातही. ब्रिटनमध्ये ओढ्या-नद्यांना गुण द्यायची एक पद्धत 1980 च्या आसपास तयार झाली. तीत चपटीच्या कुळाला 10 पैकी 10 गुण आहेत, मासोळीच्या कुळाला 4. लाल अळ्या ज्या कुळातल्या, त्याला 2 आणि गांडुळासारख्या बारीक जंतांना 1. म्हणजे दोन्ही मेफ्लायच, पण एकीची साक्ष दुसरीच्या अडीचपट.

त्या दिवशी आम्ही दोन ठिकाणी प्लेटा भरल्या. निवासाचं सांडपाणी ज्या चरातून ओढ्यात उतरतं, त्याच्या वर दीडशे पावलांवर एक, आणि खाली दीडशे पावलांवर एक. दोन्हीकडं धार सारखी, दगड सारखे, सावली सारखी. हे सारखेपण मॅडमनी फार काटेकोरपणे बघितलं. वरच्या प्लेटेत चपट्या होत्या, स्टोनफ्लाय होते, वाळूचं घर बांधून त्यात राहणारे कॅडिसचे किडे होते. खालच्या प्लेटेत मासोळ्या, झाकण्या आणि लाल अळ्या. चपटी एकही नाही. मी स्वतः वीसेक दगड उलटले. नाहीच.

तीनशे पावलांचा तो फरक माझ्या तीन कॉलमी बातमीत कुठंच नव्हता.

मी लिहिलं. मथळा मोठा नव्हता. गावात चर्चा झाली आणि विषय ग्रामसभेत आला. तिथं जे घडलं त्यासाठीच ही पोस्ट लिहितोय. निवासात कामाला असलेला गावातलाच एक तरुण मिनरल वॉटरची बाटली घेऊन उभा राहिला. म्हणाला, "पत्रकारसाहेब, तुमचं ते तीन शेपट्यांचं किडं आमच्या चराच्या खालीबी हाईत की. ही बघा. सकाळीच धरल्यात. मग पाणी घाण कसं?" सभेत हशा झाला. प्रश्न रास्त होता. बाटलीत खरोखर तीन शेपट्यांचे किडे होते.

मॅडमनी ती बाटली पांढऱ्या प्लेटेत ओतली आणि त्या तरुणालाच भिंग दिलं. "तूच सांग भाऊ, यातला एक तरी चपटा आहे का?" त्यानं पाच मिनिटं बघितलं. लोक खुर्च्या सोडून भोवती जमले. तो प्रामाणिक होता. म्हणाला, "न्हाई. सगळी पवणारीच हाईत. आनि ह्ये बारीक झाकनवालं." पुढं काय होईल ते माहीत असूनही त्यानं ते सांगितलं, त्याबद्दल मला त्याचं कौतुक आहे. संध्याकाळी त्याला बोलणी बसली असणार.

मामांच्या 'नाव कशाला लागतंय'चं उत्तर मला त्या प्लेटेत मिळालं. सगळे 'पाण्यातलं किडं' असते, तर ती बाटली आमच्याविरुद्धचा पुरावा ठरली असती.

यात अतिशयोक्ती नको. किडे म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. पाण्यात कॉलरा-काविळीचे जंतू आहेत का, फ्लोराइड किती, नायट्रेट किती, हे मेफ्लाय सांगत नाही. चपटी सापडली म्हणून ते पाणी न उकळता लहान मुलाला पाजू नका. उलट, ती सापडली नाही म्हणजे कुणीतरी घाण सोडलीच असंही नाही. मोठा पूर आला की दगडच उलटेपालटे होतात, किडे वाहून जातात. म्हणून भर पावसाळ्यात असली मोजणी करायचीच नाही. पाऊस ओसरल्यावर महिनाभरानं सुरू करायची, उन्हाळा लागेपर्यंत. डोहात आणि धारेत वेगळे जीव राहतात, म्हणून धारेची तुलना धारेशीच. डोंगरात जेसीबीनं रस्ता कापला आणि माती आली, तरी चपटी जाते. काजूवर ढेकण्यासाठी फवारा मारला आणि पंप ओढ्यात धुतला, तरी जाते. काही महाभाग डोहात औषध टाकून मासे मारतात, मग तर कोणीच राहत नाही. कारण शोधावंच लागतं.

पण कुठं बघायचं आणि कधी बघायचं, एवढं तरी किडा सांगतो. आमच्याकडं तेच झालं. ग्रामसभेनं ठराव केला की नमुना मार्चमध्ये घ्यायचा आणि चराच्या वरचा-खालचा असा दोन्हीकडचा घ्यायचा. घेतला गेला. खालच्या बाटलीत विष्ठेतले जिवाणू निघाले, वरच्या बाटलीत नाही. तीच प्रयोगशाळा, तोच छापील फॉर्म. निवासाच्या मालकांनी टाकीचं काम सुरू केलंय, थांबलंय, परत सुरू केलंय. ते काही राक्षस नाहीत, बँकेचं कर्ज त्यांच्याही डोक्यावर आहे. वाडीनं पाइपचं तोंड चराच्या वर नेलं, स्वतःच्या वर्गणीतून. खर्च ज्यानं करायचा त्यानं नाही केला, हे नोंदवून ठेवतो. चपट्या अजून परतलेल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. परवाच्या दिवाळीत चराच्या खाली दोन सापडल्या.

आता सरकारचा भाग. इथं मला राग येतो.

किड्यांवरून पाण्याची प्रत ठरवणं हे काही आमच्या मॅडमनी शोधून काढलेलं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं याची पद्धत आहे. डच सरकारच्या मदतीनं यमुनेवर काम झालं, त्यातून ती बसवली गेली. किड्यांच्या कुळांना 0 ते 10 गुण आणि पाण्याला अ ते ई अशा पाच प्रती. म्हणजे दिल्लीच्या कपाटात हे शहाणपण कित्येक वर्षं आहे. यमुनेला उपयोगी पडणारी पद्धत डोंगरातल्या ओढ्याला तर जास्तच लागू, कारण चपटी राहते ती डोंगरातल्या ओढ्यात, दिल्लीच्या यमुनेत नव्हे. पण वाडीपर्यंत काय आलं? बाटली.

बाटलीला मी नावं ठेवत नाही. 2019 मध्ये जलजीवन मिशन आलं, त्यात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं ठरलं. फार चांगली कल्पना. आमच्या वाडीतही किट आहे, त्या बायका मन लावून थेंब टाकतात, रंग बघतात, वहीत लिहितात. पण ते किट त्या क्षणाचं पाणी तपासतं. शनिवारी रात्री सोडलेलं सांडपाणी सोमवारी सकाळी कुठल्या कुठं गेलेलं असतं. फवाऱ्यातलं कीटकनाशक तर त्या किटमध्ये कळतच नाही. दगडाखालचं पिल्लू मात्र शनिवारी रात्रीही तिथंच असतं आणि महिनाभर आधीही तिथंच होतं. ब्रिटनमध्ये मेंढ्यांना अंघोळ घालायच्या सायपरमेथ्रिननं ओढ्यातले किडे मरायला लागले, तेव्हा 2006 मध्ये त्या औषधाची विक्री थांबवली गेली. सायपरमेथ्रिन आपल्याकडं कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं.

त्याच पाच बायकांना आणखी दोन दिवस शिकवायचं आहे. एक मच्छरदाणी, एक पांढरी प्लेट, एक भिंग. अवघड असतं तर दक्षिण आफ्रिकेतल्या शाळकरी पोरांना जमलं नसतं. तिथं मिनीसास नावाची पद्धत आहे, सगळ्या पाणकिड्यांचे फक्त 13 गट केलेत. त्यातही मासोळी मेफ्लायचा गट वेगळा आणि बाकीच्या मेफ्लायचा वेगळा. म्हणजे आमच्या ग्रामसभेत जो घोळ झाला, तो त्यांनी आधीच ओळखून ठेवलाय. ब्रिटनमध्ये गळ टाकून मासे धरणारे हौशी लोक दर महिन्याला 8 गट मोजतात आणि आकडा ठरलेल्या पातळीच्या खाली गेला की सरकारी यंत्रणेला कळवतात. यंत्रणा जाऊन बघते. गळवाल्याचा शब्द तिथं तक्रार म्हणून धरला जातो. आमच्या इथं मी एका अधिकाऱ्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "किडे पंचनाम्यात कसे लिहायचे?" अहो, जसे ट्रॅक्टरनं तुटलेले उसाचे पेर लिहिता तसे. मोजून.

लिहायला वहीसुद्धा आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला समिती दिली आणि लोकजैवविविधता नोंदवही दिली. आमच्या भागातल्या दोन-तीन वह्या मी चाळल्या. आंबा, फणस, बिबट्या, मोर. किड्यांच्या पानावर मधमाशी, फुलपाखरू, काजवा. एका वहीत तर शेजारच्या गावाच्या देवराईचं नाव तसंच राहिलंय, उतरवून घेणाऱ्यानं बदलायचं विसरलं. ओढा हा रकाना आहे, त्यात 'आहे' असं लिहिलंय.

आणि अभिमान तर आपल्याला कमी नाही. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळ एक नवा छोटा मासा सापडला. 2020 मध्ये त्याचं नाव शिस्तुरा हिरण्यकेशी ठेवलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी सरकारनं ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. छान झालं. मीही बातमी केली होती, आनंदानं. पण अशा तळाशी राहणाऱ्या माशांचं पोट ज्यांच्यावर चालतं, ते तळाचे किडे. त्यांची कुठं गणती? देवळाला संरक्षण आणि कोठीघर उघडं, असा प्रकार आहे.

ज्ञानाची दुसरी अडचण भाषेची आहे. मेफ्लायवर पश्चिम घाटात खूप काम झालंय. मदुराईचे के. जी. शिवरामकृष्णन यांनी त्यात आयुष्य घातलं. 2007 मध्ये त्यांचं आणि के. ए. सुब्रमणियन यांचं भारतातल्या पाणकिड्यांवरचं पुस्तक आलं, बंगळूरच्या एका संशोधन संस्थेनं काढलं. मॅडमच्या पिशवीत त्याच्या प्रिंट होत्या, पाण्यानं फुगलेल्या. इंग्रजीत. आमच्या किटवाल्या बायकांपैकी एक दहावी आहे, एक नववी. त्यांना ती चित्रं चटकन कळली, मजकुरापाशी त्या थांबल्या. जे तामिळनाडू-कर्नाटकातल्या लोकांनी मेहनतीनं करून ठेवलंय, त्याची चार पानी रंगीत मराठी पुस्तिका काढायला आपल्या राज्याला किती खर्च येईल? एखाद्या मंत्र्याच्या स्वागताच्या फ्लेक्सएवढा.

हरकत काय येणार तेही माहीत आहे. 'गावकऱ्यांनी चुकीचं ओळखलं तर?' चुकतीलच. मीही तीनदा चुकलो. म्हणून फोटो काढायचा, किडा परत सोडायचा, आणि शंका आली तर तालुक्याच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्रवाल्यांना दाखवायचा. त्या विभागांना नाहीतरी मुलं मिळेनात म्हणून जागा भरत नाहीत. त्यांना हे काम द्या, प्रवासभत्ता द्या. आमच्या मॅडम आजवर स्वतःच्या पेट्रोलनं येतात. आणि चुकीची भीती असलीच तर ती आधी माझ्यासारख्यांना असू दे. शिक्का असलेला कागद बघून तारीख न वाचता छापणारा माणूस कुठल्याही नववी पास बाईपेक्षा जास्त चुकीचा असतो.

माझ्या जुन्या बातमीची दुरुस्ती मी पेपरात द्यायचा प्रयत्न केला. डेस्कवरून विचारणा झाली, "चूक काय होती? आकडे तर बरोबर आहेत ना?" हो, बरोबर होते. म्हणून इथं लिहिलं.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही परत ओढ्यावर जातोय. वाडीच्या पाचही जणी येणार आहेत, बाटलीवाला तरुणही येतो म्हणालाय. ज्यांना यायचंय त्यांनी मला मेसेज करा. प्लास्टिकची पांढरी प्लेट आणि चमचा ज्याचा त्यानं आणायचा. हवाई चप्पल नको, दगडावर घसरते. आणि मामांची एक अट आहे, ती मोडलेली त्यांना चालत नाही: उलटलेला दगड होता तसा, त्याच अंगावर, परत ठेवायचा.